शिवेच्या आत

३ जुलै
पोहोचलो एकदाचे! सतवासच्या पुढे सामानाचा टेम्पो दोनदा रुतला, माझ्या लेकीला, चिऊला, त्याचीही गंमत. मी विद्युल्लता, नव्या ग्रामपंचायतीची पहिली सचिव. नानूखेडी आणि बरखेडी या दोन गावांची सरकारने यंदा एक पंचायत केली. रुसवेफुगवे नकोत म्हणून पंचायत भवन दोघांच्या बरोबर मध्ये, ओसाड माळावर बांधले. मागच्या दोन खोल्या आमच्या. सात वर्षांच्या पोरीला एवढे अंगण देवासला कुठे मिळायचे?

९ जुलै
दोन्ही गावांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. इथे रोगराई येऊ नये म्हणून गावाभोवती दारूची धार धरून शीव बांधतात. सभेत मी सुचवले, यंदा दोघांची मिळून एकच बांधू. सरपंच उमरावसिंहांनी टाळ्या वाजवल्या. झाडलोट करणाऱ्या राजाबाई तेवढ्या म्हणाल्या, बाई, पेलां पूछ तो लेता. आधी विचारायचे ते काय, म्हणून मी हसण्यावारी नेले.

१४ जुलै
धार पुरी झाली. दोन्ही गावे एका पंगतीला! मीच माझी पाठ थोपटली.

१६ जुलै
चिऊला ताप. अंगणात मुले बोलावतात म्हणते. अंगणात कुणी नाही.
राजाबाई फाटकातूनच बोलल्या. देवी, पटकी, काहीही आले की दोन्ही गावे ते टोपलीत घालून, ढोल वाजवत शिवेबाहेर सोडत. साथ जोराची असली तर पहिले आजारी पडलेले पोरही सोबत. दोघांची सोडायची जागा एकच. हा माळ. आणि मी त्याला आत घेऊन भोवती धार धरली.
आधी का नाही सांगितलेत, विचारले. ऐकले असतेत का, म्हणाल्या. नसते ऐकले.

१८ जुलै
देवासला न्यायला गाडी केली. शिवेपाशी चिऊचा श्वास थांबला. मागे वळलो, सुरू झाला. तीनदा. मला फार भीती वाटते.

१९ जुलै
अंगभर फोड. खाटेवर तिच्या दोन्ही बाजूंना चादर दबलेली — ती कुणाला तरी सरकायला सांगते. गावांत दहा पोरे तापली.

२० जुलै, दुपार
ढोल. दोन्ही गावांचे, एका तालात. उमरावसिंह हात जोडून म्हणाले, मॅडम, पहिली तीच पडली. मागे नवी टोपली —
कडी लावली. देणार नाही. माझी आहे ती —
चिऊ उठून दाराशी गेली. म्हणते, आई, ते चल म्हणतात —
कडी उंच आहे. तिचा हात नाही पोचत —
पोचतोय. पाय जमिनीवर नाहीत — तिला कुणीतरी उचलून