प्राध्यापकांच्या बोटातली अंगठी

आदरणीय भाऊसाहेब,

तुम्हाला आणि वहिनींना माझा नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘बरा आहे’ एवढंच लिहिलंत, आणि माझा अनुभव असा की माणूस खरोखर बरा असला की सविस्तर लिहितो. तेव्हा काय ते खरं कळवा. आमची ही, तुमची बहीण, ठीक आहे. म्हणजे परवापर्यंत होती. ते खाली येईलच.

पत्राला कारण म्हणजे तुम्ही छोटीसाठी सुचवलेलं स्थळ. (वय शेहेचाळीस झालं, तरी माझी बहीण मला छोटीच.) येत्या रविवारी मला हो किंवा नाही सांगायचं आहे. लग्नाला तुझ्या परवानगीची गरज नाही, असं छोटी मला ऐकवते. पण आईवडिलांमागे मीच तिला वाढवलं, त्यामुळे ‘अण्णाने मान डोलावल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही’, हेही तीच ऐकवते. म्हणजे मान माझी आणि जोखीम तिच्या जन्माची. मागची दोन स्थळं मी वेळीच उघडी पाडली होती. (एकाचे केस रंगवलेले निघाले, दुसरा एकटा राहत होता आणि न्हाणीघरात टूथब्रश दोन.) तेव्हापासून तुमच्या बहिणीने मला तंबी दिली आहे, की या खेपेला चौकशा करायच्या नाहीत. मी शब्द दिला, आणि पाळला. चौकशी केली नाही, फक्त कान उघडे ठेवले. फुटपाथवर कानशीने किल्ल्या घासत होतो, तिथून आज तिजोऱ्यांचं दुकान उभं आहे ते याच कानांवर. कुलपात खटका कुठे अडतोय ते मला बाहेरून ऐकू येतं, तर माणसातला का येऊ नये?

तर तुमचे प्राध्यापक. आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी सहज त्यांचा सगळा जन्म विचारून घेतला. लहानपणी वडिलांच्या चष्म्याच्या भिंगाने ऊन गोळा करून वडिलांचीच छत्री जाळली, तिथून या विद्येला सुरुवात. (सासरच्या छत्र्यांचं काय करतील, ते मी नोंदवून ठेवलं.) मग शिष्यवृत्त्या, परदेश, परत येऊन विद्यापीठ, आणि तीस वर्षं एकच उद्योग: लेसरच्या प्रकाशाचा झटका जितका तोकडा करता येईल तितका करायचा. म्हटलं, टिकतो किती वेळ? तर म्हणाले, पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या हजार कोटीव्या भागाहूनही कमी. आणि हे सांगताना चेहऱ्यावर अभिमान! भाऊसाहेब, मी तिजोरीला पंचवीस वर्षांची हमी देतो, तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मग छोटीने कौतुकाने त्यांचा छापील लेख पुढे केला. वर अकरा जणांची नावं आणि प्राध्यापक सगळ्यांत शेवटी. मी काय ते समजलो. छोटी म्हणाली, यांच्यात म्होरक्याचं नाव शेवटी घालतात. असेल बुवा, पद्धत मात्र फार सोयीची आहे.

तेवढ्यात त्यांच्या हातून चमचा पडला. आता चमचा कोणाचाही पडतो. पण या गृहस्थाने आधी डोळे गच्च मिटले, मग वाकले, आणि आंधळ्यासारखे चाचपडत चमचा उचलून, सरळ झाल्यावर डोळे उघडले. टेबलाखाली असं काय होतं, जे त्यांना पाहायचं नव्हतं? माझे पाय होते. स्वच्छ होते.

पण कळस पुढेच. लग्नाचं बोलणं सुरू झाल्यावर छोटीने त्यांना अंगठी दिली होती, आणि आमच्याकडे येताना ती बोटात चमकत असायची. मागच्या आठवड्यात मी विद्यापीठाच्या कचेरीत तिजोरी बसवायला गेलो. (काम होतं म्हणून गेलो, ही चौकशी नव्हे.) कँटीनमध्ये प्राध्यापक चहा पीत होते, समोर एक तरुण मुलगी, आणि बोट मोकळं! मनगटावर घड्याळसुद्धा नाही. बोट लपवणारा माणूस मी समजू शकतो. वेळही लपवणारा पहिल्यांदाच पाहिला. छोटीला बोललो, तर ती हसली आणि म्हणाली, “अण्णा, तू कुलपं वीक. माणसं उघडत बसू नकोस.”

म्हणून परवा दुपारी मी न कळवता त्यांच्या प्रयोगशाळेवर जाऊन थडकलो. दारावर लाल दिवा, दाराला विजेवरचं कुलूप. (बरं होतं. थोडं महाग घेतलंय.) घंटा वाजवली, तर तीच कँटीनमधली मुलगी बाहेर आली आणि मला म्हणाली, “काका, अंगठी आणि घड्याळ काढा.” भरदिवसा, विद्यापीठात! मी किंचाळणार होतो, तेवढ्यात तिने दाराजवळची स्टीलची वाटी दाखवली. आत पाचसहा घड्याळं, बांगड्या, आणि तळाशी आमच्या छोटीची अंगठी.

भाऊसाहेब, तिथे सगळेच काढतात. टेबलावरून किरण धावत असतो. तो चमकत्या धातूवर आपटला की कुठेही उसळतो, आणि डोळ्यात शिरला तर डोळा गेला. आणि किरण टेबलाच्या उंचीवर असतो, म्हणून काही पडलं तर डोळे मिटून वाकायचं. तीस वर्षांची सवय, घरी चमच्यालाही सुटत नाही. माझी अंगठी लग्नापासून निघाली नव्हती. त्या मुलीने साबण लावून काढली. आत मोठा चष्मा चढवून मी तासभर एक ठिपका पाहिला. हिरवा होता. चांगला होता.

निघताना मी विचारलं, इतकी काळजी कशापायी? तर म्हणाले, विद्यार्थी असताना घड्याळाच्या पट्ट्यावरून उसळलेला किरण डाव्या डोळ्यात गेला. तिथे मधोमध एक काळा ठिपका कायमचा आहे. मी म्हटलं, छोटीला माहीत आहे? म्हणाले, “पहिल्या भेटीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, अण्णाला सांगू नका. तो उजवा डोळाही तपासायला नेईल.”

खटका ऐकू आला, भाऊसाहेब. कुलूप साधं आहे, आणि किल्ली आमच्या छोटीकडेच आहे. तरी रविवारपर्यंत मी चेहरा गंभीर ठेवणार आहे. मुलीकडच्यांनी इतक्यात पाघळू नये.

तुमचा,
तिजोरीवाला

ता. क. आता मुद्द्याचं. त्या गडबडीत माझी अंगठी वाटीतच राहिली. परवापासून तुमची बहीण माझ्या बोटावरच्या पांढऱ्या वळाकडे पाहते आहे. बोलत काहीच नाही, आणि तिचं न बोलणं मला फार मोठ्याने ऐकू येतं. खरं सांगावं तर शब्द मोडल्याचं उघड होतं. तेव्हा तिला एवढं एक कार्ड टाका, की अंगठी घट्ट झाली म्हणून मी तुमच्या ओळखीच्या सोनाराकडे पाठवली आहे. माणूस अंगठी काढतो त्याला हजार कारणं असतात, हे बायकांना का समजत नाही?

ता. क. २. वरचं कार्ड टाकू नका. प्राध्यापक आत्ता दारात येऊन गेले. अंगठी त्यांनी प्रामाणिकपणे तुमच्या बहिणीच्या हातात दिली, आणि मी प्रयोगशाळेत कसे बारीक प्रश्न विचारले, त्याचं कौतुकही केलं. फार सरळ माणूस आहे. इतकं सरळ असू नये.

दादा, हे पत्र मीच पेटीत टाकते आहे, वाचून. अंगठी माझ्या डब्यात आहे. रविवारी यांनी हो म्हटलं की छोटीच्या लग्नात घालीन यांच्या बोटात. तोवर बसू दे वळ चोळत. तुझ्या गुडघ्याचं खरं काय ते मला लिही.