लॅपटॉप रिकामा झाला

रिंकूचे पप्पा,

मी भामरागडले जाऊन राह्यली. भाजी झाकून ठेवली आहे, रिंकू आईंजवळ आहे.

काल तुम्ही जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, ते सकाळी लावून पाह्यलं. खरंच पळते. आई शेजारी सांगून राह्यल्या, 'आमच्या पोरानं मेलेलं मशीन उठवलं.' त्यात माझी गोंडी गाण्यांची सगळी रेकॉर्डिंग होती, हे त्यांना सांगू नका. बॅटरी टिकत नाई, लोडशेडिंगच्या आधी आटपायचं होतं, म्हणून 'पूर्ण डिस्क पुसू का' विचारल्यावर तुम्ही हो म्हटलं असेल. घरात माझं एक ऐकत नाई; मशीननं विचारलं की लगेच हो.

मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून तिथली मी आधीच काढून टाकली होती. चंद्रपूरच्या दुरुस्तीवाल्याले फोन केला. तो म्हणाला, 'मॅडम, आता काही निघत नाई.'

पूर्ण गाणी भामरागडच्या एकट्या रुपी आजीले येत होती आणि ती मार्चमध्ये वारली. मागून साथ देणाऱ्या बायांना पालुपदच येते. पावसात नदी चढून रस्ता बंद व्हायच्या आधी तेवढं तरी रेकॉर्ड करून घेऊन येते.

नंदिनी