सोडलेला प्रश्न

१२ जानेवारी
आईने मला परस्पर देऊन टाकलं! विचारलं नाही, सवरलं नाही. तिच्या डोळ्यांच्या वॉर्डातला एक जुना पेशंट – सतरा वर्षं बस चालवली, मग डोळ्यांतला दाब वाढत गेला आणि दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले. आता सेहेचाळिसाव्या वर्षी बाहेरून बी.ए. करताहेत. एकच पेपर राहिलाय, भूगोलाचा. परीक्षेत ते तोंडाने सांगणार आणि कुणीतरी लिहायचं. ते कुणीतरी म्हणजे मी.

'तू तरी काय करतेस? पुस्तक उघडं आणि नजर खिडकीबाहेर. त्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पड.'

खोटं नाही. कॉलेजचं पहिलं वर्ष मला पाण्याखालून चालल्यासारखं वाटतंय. रसायनशास्त्राचे सर बोलतात ते ऐकू येतं, पोचत नाही.

१९ जानेवारी
गेले. टायरच्या दुकानामागे दोन खोल्या. काकू एका हॉटेलच्या चादरींना इस्त्री करतात – चादरींचा ढीग छातीपर्यंत, आणि सगळ्या घराला गरम कापडाचा वास. दारातच थबकले, आत अंधार वाटला.

'सिस्टरची मुलगी ना? ये. खुर्ची डाव्या हाताला आहे, तिच्या पुढ्यात स्टूल, त्याला अडखळू नकोस.'

डोळे असून मी चाचपडत होते, आणि ते मला वाट दाखवत होते. ड्रायव्हर ते ड्रायव्हरच! मी त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचं ठरवलंय.

परीक्षेपर्यंत आठवड्यातून तीनदा धडे वाचून दाखवायचे. डेपोच्या साहेबांनी शब्द दिलाय – पदवी आणा, चौकशीच्या खिडकीवर बसवतो. गाड्यांच्या वेळा तर काकांना झोपेतही पाठ आहेत.

३ फेब्रुवारी
आज नदीची वळणं. पुस्तकात दीड पान, रुक्ष. मी वाचत गेले, काकांनी हात वर केला.

'थांब. बस वळणावर आली की माणसं कुठे कलंडतात?'

'बाहेरच्या बाजूला.'

'पाणीही तसंच. बाहेरच्या अंगाला जोर, तिकडचा काठ खातं. आतल्या अंगाला निवांत, तिथे गाळ टाकतं. म्हणजे वळण वाढतच जातं.'

बोलताना त्यांचे हात हवेतल्या स्टिअरिंगवर होते. घरी येताना मला रस्ताच नदी वाटायला लागला. आतल्या अंगाला दुकानं साचलेली, माणसं साचलेली. मी बाहेरच्या अंगाने चालले.

२० फेब्रुवारी
रसायनशास्त्राच्या वहीत नदी काढली. सरांनी वही उचलली, उलटी-सुलटी फिरवून बघितली आणि परत ठेवली.

८ मार्च
बसमध्ये डोळे मिटून बसले. वळणं मोजली, चढ ओळखले, इंजिनाचा आवाज बदलला की 'आता पूल' असं मनात म्हटलं. पाच बरोबर, दोन चूक. डोळे उघडले तर उतरायचं ठिकाण केव्हाच मागे गेलेलं. अर्धा तास चालत आले. काकांना सांगितलं तर म्हणाले, 'पहिल्याच दिवशी गाडी डेपोत नेलीस.'

२८ मार्च
पेपर झाला.

सविस्तर लिहायला हवं. दुसरीकडे कुठे सांगणार?

आम्हाला वेगळी खोली होती. सुरुवातीला माझ्याकडून सही घेतली – उमेदवार सांगेल तेवढंच लिहीन. पर्यवेक्षक बाई खिडकीशी बसून दुसऱ्याच कुठल्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. काका शांतपणे सांगत होते, मी लिहीत होते. दोन तास छान गेले. मग शेवटचा प्रश्न, दहा गुणांचा – समुद्राच्या लाटांमुळे तयार होणारी भूरूपं.

काका सुरुवात करून थांबले. पुन्हा सुरुवात केली. कपाळावर घाम आला.

'काही आठवत नाही गं. पाटी कोरी झाली. सोड तो.'

वीस मिनिटं उरली होती. हा धडा मी त्यांना चार वेळा वाचून दाखवला होता. गुहा, कमानी, सुळके – माझ्या डोळ्यांपुढे अख्खा किनारा उभा होता. ते हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, शेवटच्या स्टॉपवर बसतात तसे. मी पेन उचललं. अडीच पानं लिहिली. आकृतीसुद्धा काढली!

घंटा झाली. 'झालं?' काकांनी विचारलं. 'झालं.'

 

२९ मार्च
आईने विचारलं, पेपर कसा गेला. म्हटलं, बरा. कुणाचा, ते तिने विचारलं नाही.

१४ मे
निकाल. शंभरपैकी अडतीस. पस्तिसाला पास.

काकूंनी इस्त्री बंद केली. दिवसाउजेडी ती बंद झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, 'तुझ्यामुळे झालं, बाळ.' काका हसले, पण माझ्या दिशेने त्यांनी तोंड केलं नाही. की मलाच तसं वाटलं? चोराच्या मनात चांदणं.

२ जून
डेपोत जाऊन लांबून पाहून आले. काका खिडकीवर, पुढ्यात माईक, शर्टाची इस्त्री अशी की बोट कापेल. एका म्हाताऱ्या बाईंनी गाडी विचारली. काकांनी वेळ सांगितली, फलाट सांगितला आणि वर म्हणाले, 'उजव्या अंगाला बसा, ऊन लागणार नाही.'

बाई हसत गेल्या. रांगेतली माणसंही हसली. मी खांबाआडून परतले. इतकं चांगलं चाललंय. मग मला पुढे जाऊन हाक का मारता आली नाही?

९ जून
सांगून टाकलं.

त्यांच्या चहाच्या सुट्टीत, डेपोमागच्या बाकावर. ठरवून गेले होते ती वाक्यं आठवलीच नाहीत. म्हटलं, 'काका, शेवटचा प्रश्न मी लिहिला.'

ते बराच वेळ कप हातात फिरवत राहिले.

'माहीत आहे.'

'कसं?'

'पेनाचा आवाज येत होता की. आधी वाटलं, मागचं नीट करतेयस. पण मागचं नीट करायला कुणाला वीस मिनिटं लागत नाहीत.'

'मग तुम्ही थांब का नाही म्हणालात?'

'म्हणालो असतो तर थांबली असतीस?'

'हो.'

'म्हणूनच नाही म्हणालो.'

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. उलट आता दोघंही त्या बाकावर जड होऊन बसलो होतो. माईकवरून कुणीतरी त्यांना हाक मारली. ते उठले, घडीची काठी उघडली आणि म्हणाले, 'मला चार दिवस दे.'

१३ जून
काका परीक्षा विभागात गेले होते. पेपर पुन्हा देण्याचा अर्ज केला. तिथल्या कारकुनाशी झालेलं बोलणं त्यांनी फोनवर हुबेहूब सांगितलं –

'अहो, पास झालायत तुम्ही.'

'हो.'

'अर्ज केला की जुने गुण रद्द होतात.'

'ते झाले पाहिजेत म्हणूनच करतोय.'

कारण विचारलं तर 'वैयक्तिक' लिहायला लावलं. माझं नाव कुठेच घेतलं नाही. डेपोच्या साहेबांना मात्र सगळं सांगून आले. साहेब म्हणाले, निकालापर्यंत बसा. पास झालात तर खिडकी तुमची, नाहीतर माझाही नाइलाज आहे.

१४ जून
आईला सांगितलं. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, बूट काढत होती. एक बूट तसाच हातात राहिला.

'मी वॉर्डात कुणाला न विचारता सुई टोचते का?'

एवढंच. नंतर जेवताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, पण जेवण गेलं नाही.

२२ जून
काकू रस्त्यात भेटल्या. डोक्यावर चादरींचं गाठोडं. 'तुला गप्प बसता आलं नाही?' म्हणाल्या. रागाने नाही. थकून. मी गाठोडं धरायला हात पुढे केला, त्या बाजूने निघून गेल्या.

५ जुलै
काकांना म्हटलं, दुसरं कुणी लिहायला बघू का? म्हणाले, 'ज्याच्या हातून गाडी घसरली, त्यालाच त्या रस्त्यावर पुन्हा पाठवायचं असतं. तूच ये.'

२१ ऑगस्ट
पुन्हा तीच खोली. पर्यवेक्षक वेगळे. प्रश्नही वेगळे, जास्त अवघड. काकांनी शांतपणे सांगितलं, मी लिहिलं. एका ठिकाणी त्यांनी वाऱ्याची दिशा चुकीची सांगितली. मी चुकीचीच लिहिली. अक्षर गिचमीड आलं.

शेवटचे बारा गुण राहिले. 'सोड,' ते म्हणाले.

मी पेनाला टोपण लावलं. अकरा मिनिटं होती. बाहेर कुणीतरी बाक ओढत होतं. ढग खिडकीतून सावकाश सरकत होते, आणि माझं मन त्या सबंध काळात कुठेच भटकलं नाही. मी नुसती तिथे होते. काकांनी मान किंचित कलती केली, ऐकल्यासारखी. मग पाय लांब करून आरामात बसले.

१९ सप्टेंबर
बत्तीस. तीन कमी. उद्यापासून खिडकीवर दुसरा माणूस.

पुस्तक घेऊन गेले. दार काकूंनी उघडलं. वाटेतलं स्टूल बाजूला केलं. मी काकांना सांगितलं – रसायनशास्त्र सोडलं, आज सकाळी भूगोलाला नाव घातलं, पहिल्या वर्षापासून.

ते म्हणाले, 'मग आता तुला माझा पेपर लिहिता येणार नाही. लिहिणारं माणूस त्याच विषयाचं चालत नाही.'

मला हे माहीतच नव्हतं.

'असू दे,' ते म्हणाले. 'वाच. आपल्या दोघांचा अभ्यास आहे.'