सापुतारा टाळून

२६ ऑक्टोबर १९९७, पांडेसरा
ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत आमची अर्धी मिल गावी जाणार, अर्धी सापुताऱ्याला. आपण त्या गर्दीत नाही. शेजारच्या उखाचा तीनचाकी टेम्पो मिळाला. स्टोव्ह, गादी, पाण्याचा कॅन. झोपायचं टेम्पोतच, लॉजचा खर्च शून्य. जयश्रीला प्लॅन सांगितला. म्हणाली, "माले सापुतारा दखाना शे." लग्नाला अकरा वर्षं झाली, सुरत आणि माहेर सोडून तिने काहीच पाहिलेलं नाही. म्हणून गर्दीची ओढ. सुधारेल.

२९ ऑक्टोबर
नकाशा तयार. हायवे टाळायचा. योगिताने विचारलं, पप्पा, तिथे बोटिंग आहे? म्हटलं, शांतता आहे. आईकडे बघत राहिली. नऊ वर्षांची आहे, पण समजूतदार.

२ नोव्हेंबर, सकाळी ६
निघालो. पर्वत पाटियाच्या नाक्यावर चिटपाखरू नाही. म्हटलंच होतं.

दुपारी १
चलथाण. आतल्या रस्त्याने घुसलो. पुढे साखर कारखान्याच्या उसाच्या गाड्या, मागेही उसाच्या गाड्या. चार तास जागेवर. पण ही गर्दी धरायची नाही, पर्यटक एकही नव्हता. जयश्री एका गाडीवानाच्या बायकोशी गप्पा मारत होती. खूप दिवसांनी हसली. गाड्या हलल्यावर टेम्पोत यायला तयार नव्हती.

३ नोव्हेंबर
व्याऱ्याच्या पुढे जंगलात नदीकाठी मुक्काम. अप्रतिम! कोणीही नाही. रात्री स्टोव्ह कलंडला, गादीवर रॉकेल. तिघंही बसून झोपलो. पाठीला चांगलं असतं. जयश्री सकाळपासून बोलत नाही. एकांताचा परिणाम.

४ नोव्हेंबर, सकाळी ११
टेम्पो वाळूत रुतला. तिघांनी ढकलला, आणखी रुतला. मदतीला हाक मारायला माणूस नाही. मैलभर चालून रस्त्यावर आलो. सापुताऱ्याची जीप थांबली, माणसं दाराला लटकलेली. ड्रायव्हर म्हणाला, बेन आणि बेबीची सोय करतो, तुमची नाही. मी जयश्रीला समजावलं की आत बसायला मिळणार नाही.
"उभी राहीन," म्हणाली.
योगिताला उचलून आत दिलं आणि स्वतः चढली. आत कोणीतरी सरकून जागा केली. मागे वळून बघेल असं वाटलं होतं. धूळ फार होती, मला दिसलं नसेल.

संध्याकाळी ५
दुपारी रस्त्यावर भेटलेला एक जण ट्रॅक्टर पाठवतो म्हणाला होता, आला नाही. टेम्पो सोडून परत रस्त्यावर येऊन बसलोय. सापुताऱ्याच्या सहा जीपना हात केला. सगळ्या भरलेल्या. सातवी थांबली. म्हटलं, टपावर बसतो.
टपही भरला होता.