पोर्ट वाईनमधले पेरू

१७ नोव्हें., सोमवार
आज सकाळी अंघोळ, पूजा करून, गंध लावून शैलाताईंकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या बाटलीचं झाकण फिरवलं. पोर्ट वाईन. रंग जांभळाच्या रसासारखा.
शैलाताईंनी पेरूच्या बागेत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात, स्वयंपाक माझ्याकडे. पुण्याच्या लोकांना जेवणानंतर काहीतरी वेगळं गोड हवं असतं. म्हणाल्या, "दादा, पेरू आपलेच आहेत. वाईनमध्ये शिजवून बघा."
पेरू सोलले, फोडी केल्या, चमच्याने बिया काढल्या. साखर, पाणी, दालचिनी, लवंग, वरून वाईन. ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं, तिथेच चुकलं. रस काळपट, फोडींचा लगदा. गाईपुढे टाकायला हात धजेना. खड्डा करून पुरला.
चाखलं नाही. चाखणार नाही.

१९ नोव्हें., बुध.
स्टीलचं पातेलं, मंद आच. आधी उग्र भपकारा येतो, मग तो उतरतो, मग लवंग पुढे येते. सगळ्यात शेवटी पेरू. पेरूचा वास वर आला की फोडी काढायच्या आणि रस वेगळा आटवायचा. गार झाल्यावर वर साय घातली. शैलाताईंनी खाल्लं. दुसरी वाटी घेतली.
घरी बायको, मंदा, म्हणाली, "न चाखता तुमाला कळतं तरी कसं?"
म्हटलं, दत्तजयंतीचा शिरा कोण चाखतं? वडिलांपासून देवळातला नैवेद्य आमच्या घरचा. पादुकांपुढे ठेवेपर्यंत जिभेला लावायचा नाही. रवा भाजला का, तूप सुटलं का, सगळं नाकाने आणि डोळ्याने. तीच सवय इथे कामाला येते.
"दत्ताला आन् बाटलीला एका पारड्यात घालू नका," म्हणाली.
शर्ट तिने लगेच भिजत टाकायला लावला.

२२ नोव्हें., शनि.
खोल्या भरलेल्या. मोसंबीच्या चकत्या वाईन आणि साखरेत मुरवल्या, शिजवायची गरजच नाही. पेयही केलं: पोर्ट, लिंबाचा रस, बर्फ, वरून सोडा, पुदिना. आपल्याकडचं लिंबू कडक, वाईनचा गोडपणा ताब्यात ठेवतं. म्हणजे पाहुण्यांच्या तोंडावरून तसं दिसलं.
एक जण माझं गंध बघून, "महाराज, एक ग्लास तुमचाही होऊन जाऊ द्या!"
"तुम्ही घ्या साहेब, मी बर्फ आणतो."
सगळे हसले. मीही.
प्रत्येक टेबलाला सांगतो: पेरूत वाईन आहे, शिजवली तरी सगळी जात नाही. शैलाताई कपाळाला हात लावतात. "अहो दादा, लोक आवडीने खातायत ना! कशाला दर वेळी?" एका आजींनी वाटी सरकवली. त्यांना गूळ घालून, तुपात परतून पेरू दिला. मी सांगूनच देणार.

२५ नोव्हें., मंगळ.
नाना आले होते. माझे धाकटे चुलते, देवळाचे पंच. मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेले. चहा नको म्हणाले, तेव्हाच कळलं.
"रघ्या, गावात बोलत्यात. तू दारू शिजवतो म्हणं."
"पेरू शिजवतो नाना. दारूत."
"प्यालास का?"
"नाही. वासावर करतो."
"वास घेतला म्हंजी निम्मी प्यालाच की!"
मंदा आत फिसकन हसली. नाना हसले नाहीत.
पंच बसले होते म्हणे. यंदा नैवेद्य माझ्या हातचा नको. मला तो करायचाच असेल तर देवळात चार लोकांत एवढंच म्हणायचं, की मी बाटलीला हात लावत नाही.
"काम सोड म्हनत न्हाई मी. तिकडं काय करतो ते कर. नुसतं म्हन."
म्हणजे काम चालेल, खोटं चालेल. खरं तेवढं चालणार नाही. आणि तेही पादुकांसमोर उभं राहून...
नाही म्हटलं. चपला घालता घालता नाना म्हणाले, "तुझ्या बापानं असं केलं नस्तं."

२६ नोव्हें., बुध.
बापाने असं केलं नसतं. खरं असेल. दिवसभर तेच डोक्यात.
साखर कारखान्याच्या मळीची पुढे दारूच होते, हे गावात कुणाला ठाऊक नाही? नानांचा ऊस तिकडेच जातो. तिथलीच साखर शिऱ्यात पडते. दुपारी वाटलं, जाऊन तोंडावर सांगावं. नानांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यांच्या उसाला नावं ठेवून माझे पेरू सोवळे होणार नाहीत. त्यांचं त्यांनी बघावं.
माझं एवढंच आहे की मी लपवणार नाही. ना पाहुण्यांपासून, ना देवापासून. देवापासून लपवायचं तरी कसं, ते नाना जाणोत.

३० नोव्हें., रवि.
परवापर्यंत मंदाचं चालू होतं, "म्हनून टाका ना एकदाचं. तोंड झिजतं का?" काल काष्टीच्या बाजारात एकीने तिला हटकलं, "काय गं, आज पेरू का द्राक्षं?" मंदा म्हणाली, "पेरू. वाटी धुऊन ये, वाढते." घरी येऊन भाजीची पिशवी आपटली.
"आता अजिबात म्हनायचं न्हाई! कळलं का? जीभ हासडीन."
माझ्या कामाबद्दल तिचं मत बदललेलं नाही. शर्ट अजून वेगळाच भिजतो.

३ डिसें., बुध.
नानांचा निरोप: नैवेद्य पुजाऱ्यांच्या घरून येणार, मी दर्शनाला यावं, काही मनात ठेवू नये. निरोप आणणाऱ्याला चहा पाजला.
मनात ठेवू नये म्हणे. बाहेर तरी कुठे ठेवू देतायत?
शैलाताई म्हणाल्या, उद्या सुट्टी घ्या. म्हटलं, उद्या तर नक्की येणार. अंजीर पोर्टमध्ये भिजत घालून आलो.
येताना रवा घेतला.

४ डिसें., गुरुवार. दत्तजयंती.
सकाळी शैलाताईंकडे पेरू शिजवले, झाकून ठेवले. दुपारी घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली. सोवळं नेसून शिरा केला. रवा मंदाने निवडून दिला, न सांगता. मन इतकं शांत बऱ्याच दिवसांत नव्हतं.
संध्याकाळी दत्तजन्माच्या वेळेला ताट घेऊन देवळात गेलो. गर्दीने वाट दिली. नाना गाभाऱ्याच्या दारात. "रघ्या, आज नको," हळू म्हणाले.
मी हळू बोललो नाही. म्हटलं, "नाना, याच हातांनी सकाळी वाईनमध्ये पेरू शिजवलेत. नंतर अंघोळ करून हा शिरा केलाय. दोन्ही चाखलेलं नाही. उद्याही शिजवणार आहे. हे सांगून नैवेद्य चालत असेल तर चालू दे."
पुजारी नानांकडे बघतायत, नाना ताटाकडे. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, आरती धरा की! टाइम झाला!"
मी वाकलो, ताट उंबऱ्याच्या आत ठेवलं. नानांचा पाय तिथेच होता. त्यांनी पाय मागे घेतला. वाट दिली की ताटाला पाय लागू नये म्हणून, कुणास ठाऊक.
आरतीला मागे उभा राहिलो, मोठ्याने म्हटली. मग थेट बागेत, पाहुणे जेवायचे होते.
नैवेद्य दाखवला की बाजूला सारला, मी विचारलेलं नाही. मी ठेवून आलो.