मामांच्या आहेराचा गिझर

पिंपळे गुरव, सोमवार

तीर्थस्वरूप भैरूमामांस जयदीपचा दंडवत. तुमचे गुडघे आणि मामींची शुगर ताब्यात असेल असं धरून चालतो. आमचं इकडे ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

वास्तुशांतीला तुम्ही आहेर केलेला गिझर (ज्यावर तुम्ही लाल ऑइलपेंटनं 'भैरूकडून ताईस सप्रेम' असं रंगवून घेतलंय, तोच) चालू केला की मेनबोर्डातला ईएलसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की आपोआप पडणारा खटका, पडतो आणि घर अंधारात. पंधरा दिवस हेच चाललंय. फर्स्ट शिफ्टच्या आधी मी अंगाला साबण लावून गार पाण्याकडे बघत उभा असतो, आणि चाकणच्या कंपनीची बस काही माझ्या साबणासाठी थांबत नाही. आईचं म्हणणं, खटकाच नाजूक. म्हणून मी तो बदलला. नवा जुन्यापेक्षा तत्पर निघाला.

मग शेखर वायरमनला बोलावलं. त्यानं मीटर लावून सांगितलं, की बोअरच्या क्षारांनी आतली कॉइल फुटलीय आणि करंट पाण्यात उतरतोय. मी खटक्याबद्दल तक्रार केली, तर म्हणाला, "त्याला नमस्कार करा राव. तो पडतोय म्हणून तुमी उभे आहात."

कॉइल बदलणं अर्ध्या तासाचं काम. पण आई (तुमची थोरली बहीण, तुम्हाला वेगळं काय सांगू) बाथरूमच्या दारात उभी राहिली. भावाच्या आहेराला ती पाना लावू देत नाही. उलट रविवारी कुणाला तरी बोलावून खटकाच काढायचा आणि डायरेक्ट जोडायचं, असं तिनं ठरवलंय. आमच्यात पहिली आंघोळ तिची असते, मामा. मला खरंच भीती वाटते. फोन केला असता, पण या घरात माझा फोन तीच आधी ऐकते.

मामींना नमस्कार.

तुमचा दमलेला भाचा,
जयदीप

ता.क. खरं काम एवढंच, की 'कॉइल बदला' असं स्वतःच्या हातानं लिहून, खाली सही करून रविवारच्या आत पाठवा.

ता.क. दुसरा. भैरू, मी ताई. पाकीट मीच उघडलं. खटका पडायच्या आधी त्या पाण्यानं महिनाभर हाताला मुंग्या येत व्हत्या, तुला वाईट वाटंल म्हणून कुणाला बोलले न्हाई. उद्या हा शिफ्टला गेला की शेखरला बोलावून कॉइल बदलून घेते. तरी चिठ्ठी तेवढी धाड. लेकाचं ऐकलं म्हणण्यापरीस भावाचं ऐकलं, हे सांगाया बरं पडतं.