भ्यालेलं अक्षर

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! कॉम्प्युटरच्या अक्षरांचे फॉन्ट बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी, वरच्याच मजल्यावर राहायला खोली, खिडकीत भरपूर ऊन. आई माझ्या अक्षराला जन्मभर नावं ठेवत आली. आता त्याच गिचमिडीचा पगार मिळणार. मालकीणबाईंना सुबक वळण नकोच आहे. त्यांना हवंय सहज, गप्पा मारल्यासारखं हस्ताक्षर, आणि ते नमुना गिरवून येत नाही म्हणे. म्हणून कामच असं की रोजनिशी लिहायची, मनात येईल ते. संध्याकाळी पानं स्कॅन होतात आणि बाई त्यातली अक्षरं उचलतात. चहा देणारे काका पूर्वी हेच काम करायचे. आता सगळं डाव्या हाताने करतात, उजवा कोटाच्या खिशात. हात गारठला का, असं मी गमतीने विचारलं. हसले नाहीत.

१९ फेब्रुवारी
आज बिस्किटाच्या पुड्यावर माझं अक्षर! बेकरीच्या पाटीवर, वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा. तोच ढेपाळलेला ‘र’, तीच ‘ल’ची लांब शेपटी. स्वारी खूश आहे. आईला फोन केला तर म्हणाली, पुड्यावर तरी नीट लिहायचंस! रविवारी घरी जातेय, तेव्हा बघून घेईन तिला.
बाई म्हणाल्या, आनंदी शैली पुरी झाली. गिऱ्हाईक आता घाबरलेली मागतंय, भुताच्या सिनेमांच्या पोस्टरांसाठी. मी लगेच हात थरथरवून लिहून दाखवलं. नाटकी आहे म्हणाल्या आणि पान फाडलं.

२२ फेब्रुवारी
रविवार. बॅग भरली, पण दार बाहेरून बंद. ओरडून घसा बसला. फोन सापडत नाही. खिडकीवर बाहेरून पत्रा मारलाय. बाई दारापलीकडून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, सगळी अक्षरं भ्यालेली मिळाली की दार उघडते. मग दाराखालून कोरी पानं आत सरकली.

२४ फेब्रुवारी
लिहिलं नाही तर पाणी नाही. आई वाट बघत असेल. शोधायला येईल. येईलच.

२७ फेब्रुवारी
दाराखालून कार्ड आलं. ‘लाडक्या आईला. मजेत आहे. घरी इतक्यात जमणार नाही, तूही येऊ नकोस.’ ढेपाळलेला ‘र’. लांब शेपटीचा ‘ल’. मी नाही लिहिलेलं. मी नाही —
असंच एक आईला कधीच पोचलं म्हणे. तिचं उत्तरही आलं. अक्षर सुधारलंय, म्हणाली.

२ मार्च
‘ठ’ तेवढा राहिलाय. ओठ फुटलेत. पाठ भिंतीला लावून — उठवत नाही. घ्या. झाला ना ‘ठ’? आता सोडा. किल्ली फिरतेय. आई, मी येते —

बाई आल्या. मागे काका, डाव्या हातात हातोडा. सोडणार नाहीत. पुढची शैली डाव्या हाताची. उजवा शाबूत असला की डावा नाटक करतो म्हणे.
बाईंनी माझा उजवा टेबलावर दाबून धरलाय. पेन डाव्यात. काकांनी खिशातला हात काढून दाखवला — बोटं — एकही —
रडतायत. तरी उचलला हातोडा.
बाई म्हणतात लिहीत राहा थांबू नको आत्ताच खरं अक्षर ये